कोट काढायचा की नाही? प्रसंगापेक्षा भारी कपडे घालून जाणं कसं टाळावं, आणि गेलोच तर काय करावं

'निरोप समारंभ, संध्याकाळी सहा, माझ्या घरी.' सहकाऱ्याचा मेसेज एवढाच होता. त्यातला 'समारंभ' हा शब्द मी जरा जास्तच मनावर घेतला. गडद निळा थ्री-पीस सूट, रेशमी टाय, वरच्या खिशात घडी घातलेला रुमाल असा सगळा जामानिमा करून मी दारात उभा राहिलो. मागच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर टी-शर्ट, बर्म्युडा, सैल कुर्ते घातलेली वीसेक माणसं ऐसपैस बसली होती. एका अनोळखी काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाषणं किती वाजता सुरू करणार तुम्ही?"

सगळे हसले, मीही हसलो. पण पाचेक मिनिटांनी यजमान गुपचूप आत गेला आणि टी-शर्ट बदलून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. स्वतःच्याच घरी, स्वतःच्याच निरोपाला. ते पाहिलं आणि माझं हसू मावळलं. जास्त नटून गेल्यावर लाज आपल्याला वाटते हे खरं, पण अवघडतात बाकीचे. आपल्याकडे बघून त्यांना स्वतःचे कपडे उणे वाटायला लागतात. त्या संध्याकाळनंतर मी या विषयाकडे जरा गांभीर्याने पाहू लागलो. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

आमंत्रणातला शब्द वाचताना

आमंत्रणावर पोशाखाबद्दल काही लिहिलं असेल तर निम्मं काम झालं, फक्त त्या शब्दाचा अर्थ ठाऊक हवा. सगळ्यांत वरची पायरी 'व्हाइट टाय': मागे शेपटी असलेला कोट, पांढरा बो टाय, पांढरं वेस्टकोट. बहुतेकांच्या आयुष्यात हा योग येतच नाही. त्याखाली 'ब्लॅक टाय', म्हणजे डिनर जॅकेट आणि काळा बो. इथे साधा काळा टाय लावून जाणारे पुष्कळ भेटतात, आणि ती चूक उलट्या बाजूची आहे. 'लाउंज सूट' हा शब्द तर फसवाच. वाचून वाटतं की घरी लोळतानाचे कपडे चालतील, पण त्याचा अर्थ नेहमीचा सूट आणि टाय. 'कॉकटेल' असेल तर सूट हवा, टाय लावला नाही तरी चालतं, आणि बायकांनी पायघोळ गाऊन घालायची गरज नसते. 'बिझनेस कॅज्युअल' म्हणजे कॉलरचा शर्ट, नीट ट्राउझर्स, टाय नाही.

राहिला 'स्मार्ट कॅज्युअल'. हा शब्द लिहिणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं की त्याला काय हवंय. माझा अर्थ असा: कपडे स्वच्छ, मापाचे आणि इस्त्रीचे असावेत, पण पूर्ण सूट नको. या शब्दाला घाबरून सूट घालणारे लोकच सगळ्यांत जास्त फसतात.

इथे थोडं विषयांतर करतो. आज ज्याला आपण औपचारिकतेचं टोक मानतो ते डिनर जॅकेट जन्माला आलं ते 'मोकळं वाटावं' म्हणून. लंडनच्या सॅव्हिल रो भागातल्या हेन्री पूल या शिंपीघराच्या नोंदींनुसार 1865 मध्ये तेव्हाच्या युवराजांनी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनी, घरगुती जेवणाच्या वेळी शेपटीच्या कोटाऐवजी घालायला एक आखूड जॅकेट शिवून घेतलं. 1886 च्या सुमारास ते अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या वसाहतीतल्या क्लबात गेलं आणि तिथून त्याला 'टक्सिडो' हे नाव मिळालं. आजच्या सूटची कथाही तीच. एकोणिसाव्या शतकात तो फुरसतीचा पोशाख होता, म्हणून तर त्याच्या नावात 'लाउंज' आहे. सांगायचा मुद्दा हा की कपडे हळूहळू वरच्या पायरीवर सरकत जातात. दहा वर्षांपूर्वी जो शर्ट-ब्लेझर 'साधा' होता तो आज तितका साधा राहिलेला नसतो. कपाट जुनं असेल तर आपला अंदाजही जुना असतो.

विचारायचं, पण नेमकं

आमंत्रणात काहीच लिहिलेलं नसेल तर सरळ विचारावं. लोक विचारायला लाजतात आणि विचारलं तरी चुकीचं विचारतात. 'काय घालून येऊ?' या प्रश्नाला 'काहीही चालेल रे, तू ये फक्त' हे एकच उत्तर असतं. ती माहिती नसते, तो शिष्टाचार असतो.

त्याऐवजी विचारा: 'तू काय घालणार आहेस?' यजमान म्हणाला 'बहुतेक जीन्स आणि शर्ट', की विषय संपला. दुसरा प्रश्न: 'बसायची सोय कशी आहे?' हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त कामाला आला आहे. खुर्च्या आणि टेबलं, की सतरंजी, की गवत, की उभ्यानेच सगळं? यावरून प्रसंगाची पायरी जवळजवळ अचूक कळते. जिथे मांडी घालून बसायचंय तिथे सूटला काम नाही. गुडघ्याशी कापड ताणतं, कोटाची मागची चीर उघडते, आणि उठताना आपली जी कसरत होते ती सगळे बघतात. तिसरा प्रश्न: 'किती जण आहेत आणि कोण कोण?' आठजण असतील तर भारी कपडे लगेच डोळ्यांवर येतात, दोनशेंमध्ये खपून जातात.

यजमानाशी तेवढी सलगी नसेल तर येणाऱ्या दुसऱ्या पाहुण्याला विचारा. शक्यतो नेहमी जाणारा आणि फार हौशी नसलेला माणूस निवडा. हौशी माणूस 'मी तर सूट घालतोय' म्हणेल आणि मग तुम्ही दोघंही बुडाल.

मागच्या वेळचे फोटो मिळाले तर उत्तमच, पण ते कसे बघायचे हेही सांगतो. मधोमध उभे असतात ते उत्सवमूर्ती. त्यांचे कपडे तुमच्यासाठी नाहीत. कडेला आणि मागच्या रांगेत कोण आहे ते बघा. आणि पाय दिसत असतील तर आधी पायांकडे बघा. शर्टवरून फसगत होते, चपला-बुटांवरून सहसा होत नाही.

औपचारिकपणा नेमका कुठे असतो

हा भाग कळला की बाकीचं सगळं सोपं होतं. 'फॉर्मल' ही पूर्ण पोशाखाला लागलेली चिठ्ठी नसते. तो चार-पाच ठिकाणी साठलेला असतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणाहून तो थोडा थोडा उतरवता येतो.

पहिलं ठिकाण गळा. टाय, बंद केलेलं वरचं बटण, बायकांच्या बाबतीत भरगच्च हार. नजर चेहऱ्याकडे जाताना वाटेत गळाच लागतो, म्हणून इथला बदल सगळ्यांत मोठा दिसतो. टाय काढला आणि वरचं एक बटण उघडलं की तोच सूट एक पूर्ण पायरी खाली येतो. टाय काढून बटण मात्र बंद ठेवलं तर काहीतरी विसरून आल्यासारखं दिसतं. दोन्ही करा किंवा काहीच करू नका.

दुसरं ठिकाण खांदे. कोटाच्या खांद्यात आतून पॅड असतात आणि छातीपाशी कापडाला ताठ ठेवणारं अस्तर. त्यामुळे माणूस ताठ आणि चौकोनी दिसतो. पॅड नसलेलं, आतून मोकळं जॅकेट त्याच रंगाचं असलं तरी मवाळ वाटतं. म्हणून एकच जॅकेट घ्यायचं असेल तर मी मऊ खांद्याचं घ्या म्हणेन. ते टायसह वर चढतं आणि टी-शर्टवर खाली उतरतं. सूटचं जॅकेट जीन्सवर घालून हेच साधायचा प्रयत्न करू नका. सूटचं गुळगुळीत, पिळदार लोकरीचं कापड जीन्सशेजारी पोरकं दिसतं, आणि ज्याला कळतं त्याला ते लगेच कळतं.

तिसरं, पाय. बुटांची उतरंड लोक विसरतात. काळे, साधे, बंद नाडीचे ऑक्सफर्ड सगळ्यांत वर. त्यांत नाडीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या कातड्याच्या खाली शिवलेल्या असतात. त्या पट्ट्या वरून मोकळ्या शिवल्या की तो डर्बी, अर्धी पायरी खाली. कातड्यावर नक्षीदार भोकं आली की आणखी खाली. मग लोफर, मग साधे स्वच्छ स्नीकर्स. काळ्याचा तपकिरी केला तरी पायरी उतरते. बायकांसाठी टाच हाच मापदंड. माझी बहीण तर म्हणते, "आधी सँडल ठरव, मग वरचं आपोआप ठरतं." ती जिथे जाते तिथे कधीच उपरी दिसत नाही, तेव्हा तिचं ऐकावं.

चौथं, चमक. सॅटिन, रेशीम, जर, टिकल्या, पॉलिश केलेलं कातडं, धातूचं बक्कल, खडे. प्रकाश परतवणारी प्रत्येक गोष्ट पोशाखाला वर नेते, आणि दिवसाउजेडी तर दुप्पट. संध्याकाळी दिव्यांखाली शोभणारं कापड सकाळी अकराच्या उन्हात डोळ्यांवर येतं. कपडे निवडायचे असतील तर कार्यक्रमाच्या वेळेच्या उजेडात निवडा. दुपारच्या कार्यक्रमासाठी रात्री ट्यूबलाइटखाली आरशासमोर उभं राहून काही उपयोग नाही.

पाचवं, घडी आणि ताठपणा. इस्त्रीची धार, खोचलेला शर्ट, कफलिंक, पिना लावून चापून बसवलेला पदर, घट्ट बांधलेला अंबाडा. यातलं बरंचसं दोन मिनिटांत मोकळं करता येतं. पदराच्या पिना काढून तो सैल खांद्यावर घेतला की तीच साडी घरातली वाटते. बाह्या कोपराखालपर्यंत दोन-तीन घड्यांत दुमडल्या की तोच शर्ट कामाचा वाटतो.

आता हिशेब मांडा. माझ्या त्या निरोपाच्या दिवशी गळा, खांदे, पाय, चमक, घडी, पाचही ठिकाणी मी शेवटच्या टोकाला होतो. यातली तीन खाली असती तर काकूंनी भाषणाचं विचारलं नसतं.

निघण्याआधी: एक पायरी वर, दोन नाही

अंदाज बांधून झाला की त्यापेक्षा एक पायरी वर जायला हरकत नाही. यजमान जीन्स-टी-शर्टमध्ये असेल तर तुम्ही जीन्स आणि कॉलरचा शर्ट. सगळे शर्टात असतील तर तुम्ही मऊ जॅकेट. एक पायरी वर असलेला माणूस नीटनेटका दिसतो. दोन पायऱ्या वर गेला की तो वेगळ्या कार्यक्रमाला निघाल्यासारखा दिसतो.

अंदाज पक्का नसेल तर असा पोशाख करा की त्यातला औपचारिकपणा वरवरच्या थरांत असेल आणि आतला थर स्वतःच्या पायावर उभा राहील. म्हणजे जॅकेटच्या आत असा शर्ट हवा जो जॅकेटशिवायही पूर्ण दिसेल. कडक पांढरा, उंच कॉलरचा शर्ट जॅकेट काढल्यावर उघडा पडतो. फिका निळा किंवा बारीक रेघांचा, मऊ कॉलरचा शर्ट पडत नाही. खाली सूटच्या पँटऐवजी वेगळ्या रंगाची सुती ट्राउझर्स असेल तर जॅकेट गेल्यावरही जोडी मोडल्यासारखी वाटत नाही. बायकांसाठी वरचा थर म्हणजे स्टोल, भरजरी ओढणी, जॅकेट, हार. आत साधं आणि मापाचं काहीतरी असावं.

वेस्टकोट टाळा, हे मी अनुभवाने सांगतो. कोट काढला की वेस्टकोट आणखी उठून दिसतं, आणि ते काढायला गेलं तर चारचौघांत कपडे बदलल्यासारखं होतं. डबल-ब्रेस्टेड कोटाचीही तीच अडचण: तो उघडा ठेवला तर पुढचे दोन पदर लोंबतात, म्हणून तो मोकळा करताच येत नाही. अंदाज नसलेल्या ठिकाणी साधा, एका रांगेतल्या बटणांचा कोट बरा. आणि डिनर जॅकेट तर 'ब्लॅक टाय' असं स्पष्ट लिहिलं असल्याशिवाय कपाटातून काढूच नका, त्याला खाली उतरायला जिनाच नाही.

गाडीत किंवा पिशवीत सपाट बूट-चपलांचा एक जोड ठेवता आला तर ठेवा. बाकी काही लागत नाही.

पोहोचल्यावरची पहिली तीन मिनिटं

एवढं करूनही कधीतरी अंदाज चुकतोच. दारातून दिसतं की आपण एकटेच असे आलोय. अशा वेळी आत घुसू नका, पळूही नका. बाहेर किंवा गाडीपाशी थांबून आतल्या तीन-चार माणसांकडे नीट बघा: गळ्याशी काय आहे, पायात काय आहे. मग ठरवा किती उतरायचं.

उतरण्याचा क्रम असा. आधी खिशातला रुमाल आत ढकला, दोन सेकंदांचं काम. मग टाय. तो घाईत ओढून काढू नका. गाठ सोडून काढा, मधोमध दुमडा, गुंडाळी करा आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. पँटच्या खिशातून लोंबणारा टाय म्हणजे 'मी आत्ताच काढला' अशी जाहिरात. वरचं बटण उघडा. मग कोट. तो उतरवायचा असेल तर गाडीत ठेवा किंवा यजमानाला विचारून कुठेतरी अडकवा. दंडावर घेऊन फिरलात तर तुम्ही निघायच्या तयारीत आहात असं लोकांना वाटतं. शेवटी बाह्या दुमडा, दोन्ही सारख्या.

एक घोटाळा मात्र टाळा: कोट काढून टाय तसाच ठेवणं. त्याने पायरी उतरत नाही, फक्त ऑफिसातून दमून आल्यासारखं दिसतं. कोट राहिला आणि टाय गेला तर ठीक. दोन्ही गेले तरी ठीक.

बायकांनी हार काढावा, कानातले राहू द्यावेत. केस बांधलेले असतील तर सोडावेत, सोडलेले असतील तर सैलसर बांधावेत. पार्लरमधून आल्यासारखी मांडणी तेवढी मोडली की पुरे. लिपस्टिक गडद असेल तर टिश्यू एकदा ओठांत दाबला की निम्मा रंग उतरतो. टाचा उंच आणि जमीन मऊ असेल तर चपला बदला किंवा इतर जण अनवाणी असतील तर सरळ अनवाणी व्हा. हे मी कित्येकदा पाहिलंय: अनवाणी झाल्यावर सगळ्यांत भारी पोशाखही माणसात येतो.

काहीच उतरवण्यासारखं नसेल तर? एकसंध गाऊन आहे किंवा बटणबंद लांब कोट आहे. मग नादच सोडा आणि काम मागा. ताटल्या वाटा, खुर्च्या सरकवा, लहान मुलांशी खेळा. हातात काम असलेल्या माणसाच्या कपड्यांकडे फारसं कुणी बघत नाही. माझ्या त्या संध्याकाळी शेवटी मी तेच केलं. वेस्टकोटासकट बादलीतून पाणी आणलं.

काय बोलायचं

कमीत कमी. 'अरे मला वाटलं की...' अशी सुरुवात करून प्रत्येक नव्या माणसाला तीच कहाणी ऐकवणं हा सगळ्यांत मोठा त्रास. समोरच्याला दर वेळी 'नाही नाही, छान दिसतंय' म्हणावं लागतं. कुणी विचारलं तर एक वाक्य पुरतं: 'आज सूट घालायची हौस आली होती.' आणि लगेच त्यांच्याबद्दल काहीतरी विचारा. 'कामावरून थेट आलो' हेही चालतं, पण खरं असेल तरच. खोटं बोललात तर कुणीतरी नक्की विचारेल की रविवारी कसलं काम.

कुणी चेष्टा केली तर हसून घ्या. यजमानाची माफी मात्र मागू नका, त्याने त्याचा संकोच वाढतो. त्याऐवजी त्याच्या घराचं, मांडणीचं, बेताचं कौतुक करा आणि सगळे बसलेत तसे बसा. सतरंजी असेल तर सतरंजीवर. पँटच्या धारेची काळजी करत काठावर टेकलेला माणूस सूटपेक्षा जास्त खुपतो.

आणि मनाच्या समाधानासाठी एक गोष्ट. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केलेला एक प्रयोग 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका जुन्या गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी ओळखलं असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम चौथाई लोकांनी ओळखलं होतं. आपल्यावर प्रकाशझोत आहे ही भावना खऱ्या झोतापेक्षा बरीच मोठी असते. अर्थात टी-शर्टवरचं चित्र आणि थ्री-पीस सूट यांत फरक आहे, सूट दिसतोच. पण दिसणं वेगळं आणि तो दिवसभर लोकांच्या डोक्यात राहणं वेगळं. पंधरा मिनिटांत सगळे आपापल्या गप्पांत गेलेले असतात.

नोकरी आणि मुलाखत

इथे नियम थोडे कडक आहेत, आणि थोडे विचित्रही. मुलाखतीला एक पायरी वर जाणं अपेक्षितच असतं, त्याबद्दल कुणी नाव ठेवत नाही. दोन पायऱ्या वर गेलात तर मात्र समोरच्यांच्या मनात येतं की या माणसाला आपलं काम कसं चालतं तेच माहीत नाही. पाचजणांच्या, स्नीकर्स घालणाऱ्या कंपनीत सूट घालून गेलात तर तुम्ही पाहुणे दिसता. मनुष्यबळ विभागाला, म्हणजे एचआरला, एका ओळीत विचारा: 'ऑफिसमध्ये रोज साधारण काय घालतात?' या प्रश्नाने कुणाची नोकरी गेलेली नाही.

मोठ्या जागाही बदलल्या आहेत. गोल्डमन सॅक्ससारख्या, सूटसाठीच ओळखल्या जाणाऱ्या बँकेने 2019 मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की पोशाखाबाबत आता लवचीक धोरण आहे, स्वतःचं तारतम्य वापरा. जपानमध्ये 2005 साली सरकारनेच 'कूल बिझ' मोहीम काढली: उन्हाळ्यात ऑफिसांचं तापमान 28 अंशांवर ठेवायचं आणि टाय-कोट घरी ठेवायचा. पंतप्रधान कोइझुमी स्वतः बिनटायचे दिसू लागले. वरिष्ठाने टाय काढला की खालच्यांना काढता येतो. उलटं सहसा होत नाही. म्हणून नव्या जागी पहिल्या आठवड्यात स्वतःच्या थेट साहेबाकडे बघा आणि त्याच्याइतकंच किंवा किंचित खाली राहा. साहेबापेक्षा दोन पायऱ्या वर असलेला नवखा माणूस उगाच चर्चेचा विषय होतो.

'तारतम्य वापरा' हे वाक्य ऐकायला मोकळं वाटतं, पण मला ते स्पष्ट नियमापेक्षा अवघड वाटतं. टाय सक्तीचा होता तेव्हा निदान चुकायची सोय नव्हती.

कधी उतरायचं नाही

काही ठिकाणी आपण सगळ्यांत औपचारिक असलो तरी तसंच राहावं. तुम्हाला व्यासपीठावर बोलायचंय, पुरस्कार द्यायचा किंवा घ्यायचाय, कोर्टात उभं राहायचंय: तिथे प्रेक्षकांशी बरोबरी करायची गरज नाही. वयाने मोठ्या माणसाने आयुष्यातला एखादा मोठा टप्पा गाठल्याबद्दल बोलावलं असेल आणि तो स्वतः जुन्या वळणाचा असेल, तर बाकीचे कसेही येवोत, तुमचा कोट त्याला आवडेल. माझ्या एका जुन्या शिक्षकांनी असा कोट पाहून "तू तयारी करून आलास" एवढंच म्हटलं होतं. बाकीचे पंधराजण जीन्समध्ये होते.

अंत्यविधी आणि सांत्वनाला गडद आणि साधं. इथे भारीपणा कोटात नसतो, चमकेत असतो. घड्याळसुद्धा साधं असावं.

यजमान तुम्ही असाल तर

कुणीतरी सूट घालून आला तर कपडे बदलायला आत जाऊ नका. हे मी माझ्या सहकाऱ्याला नंतर सांगितलंही. दारातच 'वा, मस्त' एवढंच म्हणा, त्याचा कोट स्वतःच्या हाताने घेऊन अडकवा आणि त्याला अशा माणसाशेजारी बसवा ज्याला कपड्यांचं काही पडलेलं नाही. 'आम्ही तर असेच बसलोय' हे वाक्य टाळा. बोलणाऱ्याला ते नम्र वाटतं, ऐकणाऱ्याला टोमणा.

आणि पुढच्या वेळी आमंत्रणात चार शब्द वाढवा. 'अंगणात सतरंजीवर बसणार आहोत, सैल कपडे घाला.' माझ्या त्या सहकाऱ्याने आता हे लिहायला सुरुवात केली आहे. शेवटी कंसात माझं नाव घालून 'टाय आणू नये' असंही लिहितो.

मी माझ्या बाजूने फोनमध्ये एक यादी ठेवली आहे: कुणाकडे गेलो, बाकीचे काय घालून आले होते, बसायला काय होतं. घरी परतल्यावर बूट काढता काढता दोन ओळी टिपतो. त्या घरापुढे लिहिलंय: 'सतरंजी. चपला बाहेर. बादली जड आहे.'